खालचा लाल

फडकं गुलाबी झालं होतं. ओल्या फडक्यावर रोज धूळ येते, वाळवंटाची, पिवळसर, आणि ती मला पाठ आहे. त्या सकाळी गाडीचं दार पुसून फडकं बादलीत बुडवायला वळले, तर घडीवर डाळिंबाचा दाणा चिरडावा तसा डाग. आधी वाटलं, माझंच बोट कापलंय. दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले, नखांच्या खालीसुद्धा बघितलं. कुठे काही नाही. दार पुन्हा पुसलं, पुन्हा गुलाबी. पुढचं झाकण पुसलं, मागचं दार पुसलं, तिथे नुसती धूळ. म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूचं ते एकच दार, आणि त्यातही काचेच्या खालची ती एक जागा. अंगणात कोणी नव्हतं. तरी मी इकडेतिकडे बघितलं, फडकं पिळलं, पाणी तुतीच्या बुंध्याशी ओतलं आणि रिकामी बादली कोटाच्या आड धरून जिना चढले. अंगणात गाडी धुणं तसंही चालत नाही आमच्याकडे, त्यामुळे या बाबतीत चोरासारखं वागायची सवय होतीच. पण त्या दिवशी मी पाणी लपवत नव्हते. पाण्याचा रंग लपवत होते, आणि तोही आईपासून.

आईला कळू द्यायचं नव्हतं कारण आईने हेच सांगितलं होतं. म्हणजे असं होईल असं नव्हे; पण हे होईल याची व्यवस्था तिने स्वतःच करून ठेवली होती. गाडी माझी नाही. गाडी सुल्गूनची, माझ्या धाकट्या बहिणीची. छोटीशी, पाच जणं बसली तर गुडघे छातीशी येतात अशी, अमिरातीतून जहाजाने आलेली आणि लालभडक. नवरीच्या पोशाखाचा लाल. सुल्गूनने लग्न केलं नाही आणि ही गाडी केली, असं शेजारची याज्बीबी म्हणायची. याज्बीबीच्या तोंडाला कुलूप नाही. गाडी पहिल्यांदा अंगणात आली त्या दिवशी तिनेच आरशाला, नजर लागू नये म्हणून, उंटाच्या लोकरीची काळीपांढरी दोरी बांधली आणि म्हणाली, जावई बुटका आहे पण रंगाने गोरागोमटा. सगळं अंगण हसलं. सुल्गून सर्वांत जास्त हसली. ती गाडी चालवताना काच खाली करून डावा हात दारावर टाकून बसायची, थंडीतसुद्धा, कोपर बाहेर. मी म्हणायचे, बाई, एक दिवस कोणीतरी हात घेऊन जाईल. ती म्हणायची, नेऊ दे, उजवा आहे ना. अशी ती. मग एका उन्हाळ्यात ती तुर्कस्तानात कामाला गेली, कुठल्याशा म्हातारीची सेवा करायला. जाण्यावरून आईचं आणि तिचं कडाक्याचं भांडण झालं. निघणाऱ्याला 'पांढरी वाट लाभो' म्हणायचं असतं, शत्रूलासुद्धा म्हणतात. आई म्हणाली नाही. ती आत गेली आणि तंदुरातल्या भाकरीकडे बघत बसली. सुल्गून थोडा वेळ दारात थांबली, मग पिशवी उचलून निघाली. सुरुवातीला तिचे निरोप यायचे, हसण्याचे, समुद्राचे. मग कमी झाले. मग एका हिवाळ्यात बंदच झाले. तिथून परत आलेली एक बाई म्हणाली की ती दुसऱ्या शहरात गेली. दुसरी म्हणाली की तिने तिला बाजारात पाहिलं, अंगात लाल कोट होता. तिसरी काही बोललीच नाही, नुसती आईचे हात धरून बसली, आणि त्या तिसरीचा मला फार राग आला.

गाडी अंगणात उभी होती तोवर ठीक होतं. मग ते पांढऱ्याचं निघालं. हुकूम कोणी वाचला नाही, कागद कोणाला दिसला नाही. पण आधी काळ्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या, मग निळ्या, मग लाल. कोणी सांगितलं विचारावं तर उत्तर एकच, सांगितलंय. आमच्या अश्गाबातमध्ये संगमरवर पांढरा, कारंजी पांढरी, दिव्यांचे खांब पांढरे. आता रस्त्यावर जे हलेल तेही पांढरं पाहिजे. मी औषधाच्या दुकानात काम करते, माझा कोटही पांढरा, तेव्हा मला काय त्याचं. मला गाडी हवी होती. आईच्या डोळ्यांत औषध घालायला तिला दवाखान्यात न्यावं लागतं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि बसच्या गर्दीत तिला नेणं म्हणजे माझ्या नाकी नऊ. मी आईला म्हटलं, रंगवून घेऊ. ती बराच वेळ चहाची वाटी फिरवत राहिली. मग म्हणाली, "वर काय लिंपायचं ते लिंप. खालचं खरवडायचं नाही."

शहराबाहेर, वाळू सुरू होते तिथे हेमराचं आवार आहे. तेव्हा तिथे गाड्यांची रांग लागली होती. लाल, हिरव्या, जांभळट गाड्या भिंतीला लागून उभ्या, आणि दुसऱ्या दाराने सगळ्या सारख्याच होऊन बाहेर पडत होत्या. हेमरा बोलका माणूस. सगळ्या शहराला कफन शिवतोय, असं स्वतःच म्हणाला आणि आईकडे बघून जीभ चावली. त्याने डब्यांची तीन झाकणं समोर ठेवली, तिन्हींवर पांढऱ्याचे फटकारे. एक निळसर, डोंगरावर बर्फ पडतं त्यातला. एक संगमरवराचा, मेलेला. एक दुधी, उंटिणीच्या दुधाचा. मी उन्हात नेऊन बघितले, सावलीत बघितले, माझ्या कोटाच्या बाहीशेजारी धरून बघितले. पांढरा निवडायला इतका वेळ लागतो हे मला तोवर माहीत नव्हतं. निळसर पाहिला की दुकानातला फ्रीज आठवायचा. संगमरवराचा तर नकोच, त्यातून रोज चालतेच आहे. मी दुधी घेतला. हेमरा म्हणाला, ताई, निळसर घ्या, लालावर निळसर बसतो; दुधात काहीही पडलं तरी दिसतं. मग त्याने लाल रंगाची गोष्ट सांगितली. लाल म्हणजे नणंद आहे, म्हणाला, कितीही झाकली तरी मधेच डोकं वर काढून विचारणार, काय चाललंय? म्हणून आधी ती नीट खरवडायची, मग मधे बंद करणारा एक थर द्यायचा, आणि मगच पांढरा. खरवडायचं म्हटल्यावर आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. त्याने खांदे उडवले. मला दोष देऊ नका, म्हणाला, आणि नुसताच पांढरा चढवला.

गाडी आणायला गेलो तेव्हा आवाराबाहेर पांढऱ्या छोट्या गाड्यांची ओळ होती आणि मला माझी ओळखेना. खरंच ओळखेना. मी पाट्यांवरचे आकडे वाचत एका टोकाने निघाले. आई, जिला ताटातला कांदा दिसत नाही, ती सरळ चालत गेली आणि मधल्याच एका गाडीच्या दारावर तळवा ठेवून उभी राहिली. तीच आमची होती. मी विचारलं, कशी ओळखलीस. आई म्हणाली, वास. मला तर सगळीकडे एकाच ओल्या रंगाचा वास येत होता. परतताना ती नेहमीसारखी मागे बसली. पुढची जागा ती सुल्गूनसाठी ठेवते. चालवत असते मी, पण आईच्या हिशेबात सुल्गून आली की मी बाजूला सरकणार, तेव्हा ती जागा रिकामी हवी. यावर मी कधी वाद घातला नाही. पण रस्ता तसा मोठा आणि मोकळा, दोन्ही बाजूंना पांढऱ्या इमारती, खिडक्यांत कोणी नाही, समोर पांढरी गाडी, मागे पांढरी गाडी, आणि माझ्या उजव्या हाताला ती रिकामी खुर्ची. वळणावर मी तिच्याकडे बघायचं टाळायचे. बघितलं तर काय दिसेल असं मला वाटत होतं, देव जाणे.

पांढरी गाडी पाळणं म्हणजे तान्हं मूल पाळणं. वारा सुटला की काराकुम वाळवंटाची वाळू येते आणि दाराच्या फटींत, आरशाच्या मानेत, चाकावरच्या कमानीत बसते. कोरड्या फडक्याने पुसलं तर ओरखडे. पाण्याने धुवावं तर टाक्यांतलं पाणी खारट, थेंब सुकला की त्याचं पांढरं कडं राहतं, पांढऱ्यावर पांढरं, तिरक्या उन्हातच दिसणारं. चिमण्यांनी तुती खाऊन वर काही टाकलं तर ते तासाभरात पुसायचं, नाहीतर जन्माचं चिकटतं. मळकी गाडी हमरस्त्यावर दिसली की पोलिसाची शिट्टी. म्हणून मी पहाटे उठून दोन फडकी घेऊन खाली उतरायचे, एक ओलं, एक मऊ, आईच्या जुन्या रुमालाचं. हळूहळू मला ते आवडायलाही लागलं होतं, खोटं कशाला बोलू. सुल्गूनची गाडी होती तेव्हा मला तिला हात लावायची परवानगी नव्हती. आता तिचा इंचन् इंच माझ्या हातांना ओळखीचा झाला. कुठे कोणी ठोकली होती आणि तिने कोणाला न सांगता ठीक करून घेतली होती, तेसुद्धा बोटांना कळलं. आणि मग ते फडकं गुलाबी झालं.

पहिले काही दिवस मी घासून काढायचे. दुकानातून दात पांढरे करायची पावडर आणली आणि ओल्या कापसावर घेऊन हलकेच चोळली. डाग जायचा. दुपारभर ऊन खाऊन गाडी परत यायची तेव्हा तो हजर. मोठा झालेला. आता त्याला आकार यायला लागला होता, काचेखाली आडवा, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता. मी तो आकार ओळखला, पण ओळखला असं स्वतःशी म्हणायला तयार नव्हते. हेमराला दुकानातून फोन केला. तो म्हणाला, सांगितलं होतं ना ताई, वर येतोय. पण तिथेच का, मी विचारलं. तो म्हणाला, काहीही असेल, ऊन त्या बाजूला जास्त लागत असेल, नाहीतर माणूस रोज जिथे हात टेकतो तिथे घामाचं तेल मुरलेलं असतं, तिथे वरचा रंग नीट धरत नाही. कारण अगदी सरळ होतं. मी फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला चुकीचं खोकल्याचं औषध काढून दिलं.

आईला कळायचं ते कळलंच. याज्बीबी असताना वेगळं काय होणार. ती खिडकीतून ओरडून म्हणाली, "अगं तुमार, तुमच्या गाडीला कोणी डोळा मारला का? गाल बघ कसे लाल झालेत." आई जिना उतरून आली, रात्रीच्या चपलांतच. दाराशी वाकली, डोळे इतके जवळ नेले की पापण्या लागल्या असतील. मग हसली. किती दिवसांनी हसली, आणि मला त्या हसण्याची भीती वाटली. मला ठाऊक होतं, म्हणाली, म्हणूनच खरवडू दिलं नाही. वर जाऊन तिने हरमलाच्या वाळक्या काड्या पेटवल्या आणि तव्यातला धूर घेऊन गाडीभोवती फिरली, कोणाची दृष्ट लागू नये म्हणून. त्या दिवसापासून सकाळी माझ्या पावलांचा आवाज जिन्यात आला की आतून प्रश्न यायचा, "आज किती?" मी म्हणायचे, कालच्याइतका. किंवा, थोडा जास्त. जास्त म्हटलं की ती भाकरीचा मोठा तुकडा मोडायची, लोणी मागायची, याज्बीबीला खिडकीतून टोमणा मारायची. कमी म्हटलं की वाटी तशीच गार व्हायची. मी एकदा पावडरीने सगळा डाग काढून टाकला आणि खरं सांगितलं, आज काही नाही. त्या दिवशी ती उठलीच नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी दुकानात उभी होते आणि मला एकच वाटत होतं, मी कोणाचं तरी तोंड पुसून टाकलंय. मग मी पावडर बंद केली.

म्हणजे आता मी कुठे उभी होते ते बघा. डाग ठेवावा तर आज ना उद्या कोणीतरी शिट्टी वाजवणार, गाडी ओढून नेणार, आणि मग ना दवाखाना ना सुल्गूनची गाडी. डाग मिटवावा तर आई मिटणार. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे मी, हातात फडकं घेऊन. मी मधला मार्ग काढला. निघताना दारावर दुधी रंगाचा खडू फासायचे, परतल्यावर पुसून टाकायचे. असले धंदे मी चाळिशीत करीन असं कोणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. पण डागही ऐकेना. तो मागच्या दारावर उतरला. डिकीच्या झाकणावर आला, जिथे सुल्गून तळवा आपटून झाकण बंद करायची, तिथे पाच बोटं म्हणावीत असं काहीतरी. मी हेमराचं वाक्य मनात घोकायचे, तेल मुरलेलं असतं, तेल मुरलेलं असतं. थंडी पडली. एका सकाळी गाडीवर दव गोठलं होतं, सगळीभर बारीक पांढरा थर. फडकं टेकवायला गेले तर बोटं बधिर झाली, इतका तो पत्रा गार. फक्त काचेखालच्या त्या आडव्या जागेवर दव नव्हतं. मी हातमोजा काढला आणि तळवा ठेवला. कोमट होती. ऊन अजून डोंगराआड होतं, गाडी आदल्या संध्याकाळपासून हललेली नव्हती. मी तळवा उचलला नाही. मला तेव्हा भीती वाटली नाही, हे मला नंतर जास्त भीतीचं वाटलं. मी म्हटलं, सुल्गून, हात आत घे, गारठशील. मोठ्याने म्हटलं. स्वतःचाच आवाज कानावर पडला तेव्हा मी दचकून हात काढला आणि तडक जिना चढले. आतून प्रश्न आला, आज किती. मी म्हटलं, दमलेय गं, थांब जरा.

शिट्टी वाजली ती दवाखान्यातून परतताना, भर दुपारी, त्या रुंद रस्त्यावर. आई मागे, डोळ्यांवर पट्ट्या. वाटेत वारा सुटला होता आणि माझा खडू उडून गेला असणार. शिपाई तरुण होता, पांढरे हातमोजे. तो खिडकीशी आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि परत माझ्या दाराशी थांबला. हा कोणता रंग, म्हणाला. मी म्हटलं, पांढरा. त्याने एक बोट काचेखालून आडवं फिरवलं, हळू, आणि मग ते बोट उचलून पाहिलं. हातमोज्याचं टोक गुलाबी झालं होतं. त्याने अंगठ्याने चोळून पाहिलं, तर अंगठाही झाला. मी काहीतरी बोलत होते, रंगाऱ्याने फसवलं, पुन्हा नेणारच आहे, आईचे डोळे. तो ऐकत नव्हता. तो दाराकडे बघत होता आणि एक पाऊल मागे सरला होता. मग त्याने हातमोजा काढला, आतली बाजू बाहेर केली आणि खिशात घातला. पुढच्या वेळी ही गाडी तुम्ही घरी नेणार नाही, म्हणाला, आवाज मात्र खाली. आज जा. आणि जाताना मागे वाकून आईला विचारलं, आजी, बऱ्या आहात ना? आई म्हणाली, कोण आहे रे तिथे, पुढे कोण बसलंय? शिपायाने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात हलवून रस्ता मोकळा केला.

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. ठरवूनच बसले होते, रडेल, ओरडेल, मलाच म्हणेल की तुला पहिल्यापासून तिचं काही बघवलं नाही, तर म्हणू दे. गाडी गेली तर सगळंच जाईल, मी म्हटलं, त्यापेक्षा नीट रंगवून घेऊ. आई पट्ट्या बांधून बसली होती, तिचं तोंड मला अर्धंच दिसत होतं. ती पट्टीची गाठ चाचपत राहिली. सकाळी मी खाली उतरले तेव्हा माझ्यामागून तिची पावलं आली. पट्ट्या काढल्या होत्या. डाग आता दारादारांवर पसरला होता, गोवर निघाल्यासारखा. आईने दोन्ही हातांनी गाडी चाचपली, पुढून मागे, कमानी, झाकण, डिकी, आणि शेवटी काचेखालच्या जागेवर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. मला विचारायचं होतं, कोमट लागते का गं. विचारलं नाही.

"ही वर यायला धडपडतेय," आई म्हणाली. "म्हणजे ही खाली आहे. नाही का, तुमार?"

मी म्हटलं, आई, रंग आहे तो. हेमरा म्हणाला ना.

"जिवंत माणूस दारातून येतं," ती म्हणाली. "जिना चढून येतं, भूक लागलीय म्हणतं. दारावर असं येत नाही." मग तिने माझ्या हातातलं फडकं घेतलं, ते रुमालाचं मऊ, आणि ती जागा पुसली, जेवल्यावर मुलाचं तोंड पुसतात तशी. "थकली असेल पोर. खरवडून घे म्हणावं त्याला. नीट झाक."

हेमराच्या आवारात आता रांग नव्हती. सगळं शहर पांढरं करून झालं होतं, तो उन्हात बसून खरबुजाच्या बिया फोडत होता. आम्हाला बघून म्हणाला, आली का नणंद? आईचा चेहरा पाहिल्यावर पुढचं गिळलं. त्याने यंत्र लावलं आणि पांढऱ्याखालून लाल निघायला लागला, पहिल्या दिवशी होता तसाच, लखलखीत, आणि मग तोही भुकटी होऊन उडाला. त्याच्या भुवयांवर, माझ्या कोटावर, आईच्या पांढऱ्या रुमालावर बसला. शेवटी नुसता करडा पत्रा राहिला. त्यावर त्याने बंद करणारा थर दिला आणि तो वाळायची वाट बघत आम्ही तिघं भिंतीला टेकून बसलो. मग तो डबे दाखवायला उठला, पण या वेळी आई मला विचारायला थांबली नाही. निळसर, म्हणाली. तो रंगवत असता ती उभी होती. त्याने पिचकारी खाली ठेवल्यावर आईने दोन्ही तळवे वर केले, छातीसमोर, उघडे, आणि गेलेल्या माणसासाठी दुवा मागतात तसे ओठ हलवायला लागली. हेमराला काय माहीत होतं? काहीच नाही. पण कोणी तळवे उघडले तर आपणही उघडायचे, कोणासाठी ते विचारायचं नसतं. त्याने टोपी नीट केली आणि रंगाने माखलेले हात पुढे केले. मीही केले. मला वाटलं मी ते करणार नाही, कारण केलं की ते खरं होईल. पण हात उठले. आईने तळवे चेहऱ्यावरून खाली ओढले. मग गाडीजवळ गेली. ओल्या रंगाला हात न लावता, बोटभर अंतर ठेवून, दाराशी वाकली.

"पांढरी वाट लाभो गं तुला," ती म्हणाली. "तेव्हाच म्हणायला हवं होतं."

रंग वाळल्यावर गाडी आणायला गेलो, तेव्हा मी आईसाठी मागचं दार उघडलं. ती ते ओलांडून पुढे आली आणि माझ्या शेजारी बसली. पट्टा तिला लावता येईना, मी लावून दिला. वाटेभर ती समोर बघत होती, आणि आमच्या पुढेमागे सगळ्या पांढऱ्या गाड्या, आणि आम्ही त्यांच्यात कुठल्या ते कोणी सांगू शकलं नसतं. शिट्टी वाजली नाही. घरी आल्यावर याज्बीबी खिडकीत होती. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण आई पुढच्या दारातून उतरलेली पाहिली आणि ती खिडकीतून आत गेली. थोड्या वेळाने ती झाकलेलं ताट घेऊन वर आली, मांडी घालून आईशेजारी बसली, आणि संध्याकाळभर दोघी काही बोलल्या नाहीत.

आता आई सकाळी काही विचारत नाही. वेळेवर जेवते, डोळे सुधारताहेत, कांदा दिसतो. मी मात्र अजून पहाटे खाली उतरते, दोन फडकी घेऊन. दार पुसते, फडकं उजेडाकडे धरते. धूळ, पिवळसर. मग आणखी जोरात पुसते, त्याच जागी, काचेखाली, आणि पुन्हा बघते. काल दव गोठलं होतं, या हिवाळ्यातलं शेवटचं असेल. गाडीवर सगळीकडे सारखा थर होता. मी हातमोजा काढला आणि तळवा टेकवून उभी राहिले, जिन्यात कोणाची तरी पावलं वाजेपर्यंत. दार गार होतं. बाकीच्या गाडीइतकंच.